काटा शून्यावर आणा

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते डोंगरकड्याला, आमच्या घरच्या ओसरीवर, पाहण्याच्या कार्यक्रमात. मी पोह्यांच्या सात बशा आणि पाण्याचा तांब्या ठेवलेलं मोठं पितळी ताट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. पाहुण्यांमधला पांढऱ्या टोपीतला एक उंच, किडकिडीत माणूस उठून पुढे आला. त्यानं ताट खालून धरलं, माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि खाली ठेवण्याआधी क्षणभर तसंच अधांतरी तोललं.

"साडेपाच किलो," ते म्हणाले. मग माझ्या वडिलांकडे वळून, "काहून एवढं लादता लेकराच्या हातावर? दोन खेपा केल्या असत्या."

मुलीनं अशा वेळी नजर वर करू नये असं आईनं बजावलं होतं, पण मी केली. नवऱ्या मुलाला मी नीट पाहिलं ते लग्न ठरल्यानंतर. त्याच्या वडिलांना मात्र त्याच दिवशी पाहिलं.

त्यांचं नाव सटवाजी. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ते मापाडी होते. शेतकऱ्यानं आणलेला माल आडत्याच्या दुकानासमोर मोजायचा आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे मापाड्याचं काम. हळद, तूर, सोयाबीन असं काय काय त्यांच्या काट्यावरून गेलं असेल याची गणतीच नाही. वजन करताना पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार, असं एका लयीत. त्या आवाजावरून मोंढ्यातले लोक ओळखायचे की सटवाजीचा काटा चालू आहे. मी त्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

घरातही त्यांचा हात गप्प बसत नसे. भाजीची पिशवी, रॉकेलचा डबा, माझ्या मुलीचं दप्तर, जे हाती येईल ते ते आधी तोलायचे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं वजन करण्याआधीच ते म्हणाले, "पावणेतीनला जरा कमी." सिस्टरनं काट्यावर ठेवलं आणि तेच लिहिलं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं: "आधी काटा शून्यावर आना, मंग बोला." घरात भांडण लागलं, कुणी कुणाची चहाडी सांगितली, की हेच. एका आडत्यानं त्यांना सांगितलं होतं, माल कमी भरावा यासाठी वजन करताना पोत्याखाली पायाचा अंगठा लाव म्हणून. मामांनी तिथल्या तिथं काटा उचलला आणि दुसऱ्या दुकानासमोर जाऊन बसले. तो अख्खा हंगाम त्या आडत्यानं त्यांना उभं केलं नाही. हे मला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी सांगितलं. मामा स्वतः सांगायचे ती गोष्ट निराळी असायची. त्यांच्या तरुणपणी शिरड शहापूरकडचे काही शेतकरी आमच्या वस्तीत पाणी पीत नसत. "पन वर्साचं पीक माज्या काट्यावर घालायला त्याईला काई वाटत नव्हतं," असं म्हणून ते हसायचे. त्या हसण्यात कडवटपणा मला कधी दिसला नाही.

पण एवढं सांगून मामा धीट होते असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. मामा फार भित्रे होते. विजा चमकल्या की ते बाजेवर पाय वर घेऊन बसायचे. पोलीस दिसला की रस्ता बदलायचे. कोर्टाच्या आवारातून जायला लागू नये म्हणून बँकेत लांबच्या रस्त्यानं जायचे. सर्वांत जास्त भीती टेलिफोनची. घरात फोन आला तेव्हापासून त्यांनी तो एकदाही उचलला नव्हता. घंटी वाजली की ते खांबाला धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "उचल ग सुनबाई, माज्यानं न्हाई व्हत."

त्या सकाळी फोन मीच उचलला. माझा नवरा मिलिंद तेव्हा दिल्लीजवळ एका कारखान्याच्या बांधकामावर इलेक्ट्रिशियन होता. फोन त्याच्या सोबत्याचा होता. तो हिंदीत बोलत होता आणि मला त्यातले तुकडेच कळले. मिलिंद वरून पडला. डोक्याला लागलंय. ऑपरेशन करावं लागेल, सहीला घरचं माणूस पाहिजे. जल्दी आओ भाभी. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा मामा खांबापाशीच होते. माझं तोंड बघून ते खाली बसले.

रेल्वेनं जायचं तर दिल्लीला पोहोचेपर्यंत दोन दिवस मोडले असते. तेव्हा स्वस्त विमानांची नवलाई होती. पेपरात मोठाल्या जाहिराती यायच्या. नेट कॅफेवाल्यानं सांगितलं की उद्या दुपारी नागपूरहून एक विमान आहे, तिकीट रेल्वेच्या एसी डब्यापेक्षा फार महाग नाही. त्यानं दोन तिकिटं काढून कागद माझ्या हातात दिला. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक इंग्रजी होतं. मी बारावी शिकलेली, अंगणवाडीत नोकरी करणारी बाई. ते मला सावकाश का होईना वाचता आलं असतं. मी वाचलं नाही. माझे डोळे वेळेवर आणि नावांवर होते.

आत्याबाईंनी सामान बांधलं. दवाखान्याच्या आवारात किती दिवस काढावे लागतील सांगता येत नव्हतं. त्यांनी ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळ, तिखट, तवा, दोन गोधड्या असं सगळं एका पोत्यात कोंबून त्याचं तोंड सुतळीनं शिवलं. कपडे आणि बाकीचं पत्र्याच्या पेटीत. मामांनी जीपमध्ये चढवताना दोन्ही उचलून पाहिलं. "पोतं चोवीस, पेटी पंधरा," सवयीनं म्हणाले.

पुसद, यवतमाळ, वर्धा. जीप थांबली की मी एसटीडी बूथवरून मिलिंदच्या सोबत्याच्या मोबाईलवर लावत होते आणि तो लागत नव्हता. प्रत्येक वेळी फोन लागला नाही की मला आतून थोडं बरंच वाटायचं, कारण लागला तर काय ऐकावं लागेल याची भीती होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

विमानतळावर आत शिरतानाच बंदूकवाला जवान पाहून मामांची पावलं अडखळली. मी त्यांचा दंड धरला. आत गारवा होता, फरशी इतकी गुळगुळीत की मामांनी चपला काढून हातात घेतल्या. मी त्या परत घालायला लावल्या. आमच्या विमान कंपनीच्या खिडकीपाशी रांग होती. आमच्या पुढे पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते, आमच्यानंतरच्या विमानाचे. त्यांच्याकडे एक बॅग आणि संत्र्यांची पेटी. त्यांना सामान उचलवेना म्हणून मामांनी बॅग आणि पेटी एकेक करून उचलून खिडकीजवळच्या रबरी पट्ट्यावर ठेवली. तिथं खाली काटा असतो आणि वजनाचा लाल आकडा समोर दिसतो.

खिडकीतल्या मुलीनं त्या गृहस्थांना सांगितलं, माणशी पंधरा किलो चालतं, तुमचं एकवीस झालं, सहा किलोचे पैसे भरा. त्यांनी काही वेळ पाकीट चाचपलं आणि भरले. पावती घेऊन ते पुढे तपासणीच्या रांगेत गेले.

पंधरा किलो. मी तेव्हा पहिल्यांदा तो कागद उलगडून खालचं बारीक इंग्रजी वाचलं. तिथं ते लिहिलेलंच होतं.

आमचं पोतं सत्तावीस भरलं आणि पेटी अठरा. मुलगी म्हणाली, "पंद्रह किलो एक्स्ट्रा है." तिनं जो आकडा सांगितला तो जवळजवळ एका तिकिटाएवढा होता. आमच्याकडे पैसे होते, पण ते दवाखान्याचे होते. मामांच्या बंडीच्या आतल्या खिशात, वरून टाचणी लावलेले. दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर किती मागतील ते माहीत नव्हतं. मी मामांना म्हटलं, "द्या मामा. आता वाद नको."

मामा लाल आकड्याकडे बघत होते.

"बेटा," ते त्यांच्या मोंढ्यातल्या हिंदीत म्हणाले, "ये काटा बराबर नहीं हय."

मुलीनं मान वर केली. "अंकल, मशीन है. कम्प्यूटर का है."

"होगा. पन हमारा पोता चोबीस का हय. तीन किलो जास्ती बताता." मग तपासणीच्या रांगेकडे बोट करून म्हणाले, "वो चाचा की पेटी में भी मेरे कू ऐसाच लगा. मय बोला मेराच हात चुका होगा. अब दो बार कैसा चुकेगा?"

मागचे लोक कुरकुरायला लागले. कुणीतरी म्हणालं, पैसे भरायचे नसले की असं असतं. मला घड्याळ दिसत होतं. खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. मुलगी म्हणाली की तुम्ही बाजूला व्हा, मी दुसऱ्यांचं घेते. मामा हलले नाहीत. आवाज त्यांचा कापत होता, पण पाय रोवलेले.

"सामान काढतो," ते म्हणाले. "रिकामा काटा दाखव. आधी काटा शून्यावर आना, मंग बोला." हे त्यांनी सरळ मराठीत सांगितलं.

त्यांनी स्वतःच पोतं आणि पेटी खाली ओढली. पट्टा रिकामा झाला. लाल आकड्यात तीन तसेच राहिले.

मुलगी त्याकडे बघत राहिली. मग तिनं कुणाला तरी बोलावलं. एक साहेब आला, मराठी होता. त्यानं बटणं दाबली, पट्टा हलवला, तीन काही जाईना. शेवटी त्यानं आमचं सामान शेजारच्या खिडकीवर घ्यायला लावलं. तो काटा शून्यावर होता. पोतं चोवीस, पेटी पंधरा.

"सॉरी काका," साहेब म्हणाला. "पण तरी नऊ किलो जास्त होतात."

"व्हय. ते आमचे हायेत," मामा म्हणाले. त्यांनी तिथंच उकिडवं बसून पोत्याची सुतळी दातांनी तोडली. ज्वारीच्या पिठाची पिशवी, तांदूळ आणि तवा काढला, हातात तोलून पाहिलं आणि बाजूला केलं. जवळच एक बाई फरशी पुसत होती. "बाई, ज्वारीचं पीठ हाय, घरचं. घेऊन जा," तिला म्हणाले. ती घ्यायला बिचकली. साहेबानं मान हलवली तेव्हा तिनं घेतलं.

आमचे पास हातात आले. मी सामानाच्या पावतीचा तुकडाही घेतला. झालं होतं. मी मामांचा हात धरून ओढलं.

मामा साहेबाला म्हणाले, "त्या चाचांचे सहा किलोचे पैशे."

"ते बघतो आम्ही काका. तुम्ही जा, तुमचं विमान आहे."

"त्याईचं सामान मी उचललेलं हाय. बॅग नऊ, पेटी सहा. पंधराच व्हतं. त्याईच्याकडनं एक पैसा घ्यायला नव्हता पायजे."

"बघतो म्हटलं ना."

"तुमी बघसान, पन ते इमानात बसून गेल्यावर कोनाला देसान?"

त्याच वेळी वरच्या भोंग्यातून आमची नावं पुकारली गेली. इतकी वेडीवाकडी पुकारली की मला ती दुसऱ्यांदा पुकारल्यावरच कळली. दिल्लीच्या कुठल्यातरी पलंगावर माझा नवरा पडलेला होता, सही करायला कुणी नव्हतं, आणि हा माणूस परक्या म्हाताऱ्याच्या सहा किलोसाठी उभा होता. मला त्यांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुमचं पोरगं तिकडे मरून राहिलंय."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी त्यांच्याशी वर मान करून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आणि ते हलले नाहीत.

साहेबानं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि एका पोराला तपासणीच्या रांगेकडे पळवलं. ते चाचा परत आले, घाबरलेले. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. पावती दिली, पैसे परत मिळाले. त्यांना सगळं समजलंच नव्हतं. ते साहेबालाच दुवा देत होते. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मामांचंही तिकडे लक्ष नव्हतं, कारण पैसे हातात पडलेले दिसताच त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि आम्ही पळत होतो. साठीच्या पुढचा माणूस चपला हातात घेऊन त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी पळत होता, आणि या वेळी मी त्या घालायला लावल्या नाहीत. शिडीवर चढणारे आम्ही शेवटचे. आमच्या मागे दार लागलं.

मामांना खुर्चीचा पट्टा लावता येईना. मी लावून दिला. विमान वर गेलं तसे त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, तसेच डोळे मिटलेले ठेवून म्हणाले, "मला लई भेव वाटून राहिलं, सुनबाई."

"विमानाचं?"

"न्हाई. तिथं मला कायबी कळंना गेलं. बोली कळंना, दार कोनतं ते कळंना. मिलिंद हाय का न्हाई ते कळंना. त्या काट्याचं तेवढं कळलं. म्हनून मी तिथंच उभा राहिलो. सोडलं असतं त मी पडलो असतो."

माझा राग गेला नव्हता.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मिलिंदच्या सोबत्यानं सांगितलं की डॉक्टर वाटच बघत आहेत. मी सही केली. ऑपरेशन झालं. त्यानंतरचे चार दिवस आम्ही काचेच्या दाराबाहेर बसून काढले. दार उघडून नर्स बाहेर आली की आम्ही दोघंही उठून उभे राहायचो, आणि ती दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची की खाली बसायचो. मामांनी त्या दिवसांत एकदाही कशाचं वजन केलं नाही. चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांत नुसता धरून बसायचे. पाचव्या दिवशी मिलिंदनं डोळे उघडले. त्यानं आधी मला ओळखलं नाही. मामांना ओळखलं.

तीन महिन्यांनी आम्ही त्याला रेल्वेनं घरी आणलं. त्याचा डावा हात पूर्वीसारखा झाला नाही, बोलणंही थोडं सावकाश झालं. पण तो होता. हिंगोलीत त्यानं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मामांनी मोंढ्यातलं काम हळूहळू सोडलं. विमानतळावरचं आमच्या दोघांत पुन्हा कधी निघालं नाही. मिलिंदला आम्ही एवढंच सांगितलं की विमानानं आलो म्हणून वेळेवर पोहोचलो.

त्याच्या दुसऱ्या वर्षी मामा आजारी पडले. साखर वाढली होती, पायाची जखम भरेना. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्या बाजेशेजारी तांदूळ निवडत बसले होते. मला वाटलं ते झोपलेत.

"सुनबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तू माज्यावर लई चिडली व्हतीस."

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"बराबर व्हतं तुझं." ते वर आढ्याकडे बघत होते. "इमान सुटलं असतं अन् मिलिंद गेला असता, त मी तुला काय तोंड दाखवलं असतं, ह्ये मला आजपतुर कळलं न्हाई. रोज डोळ्यापुढं येतं. दार लागलेलं दिसतं. तू भायेर उभी दिसतीस."

"मामा, आपण पोहोचलो ना."

"पोचलो म्हनून बरं झालं. पन मी उभा राहिलो तवा पोचन का न्हाई ते मला कुठं ठावं व्हतं." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मिलिंदला सांगितलंस?"

"नाही."

"सांग त्याला. मी असतानी नगं. मागून सांग. त्याचा जीव व्हता त्यात. त्याला सांगाया पायजे."

मामा गेले ते त्या रविवारी. माणसं येऊन गेली, जलदानविधी झाला, घर शांत झालं. एका संध्याकाळी मिलिंद दुकानातून आला, हातपाय धुऊन ओट्यावर बसला. मी त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पंधरा किलोचा नियम, लाल आकड्यातले तीन, भोंग्यातली आमची नावं. मी त्यांना काय बोलले तेही सांगितलं. आणि ते ऐकूनही ते हलले नाहीत, हेही सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती. तो वडिलांबद्दल काय बोलेल याची, आणि माझ्याबद्दलही.

मिलिंद ऐकत होता. उजव्या हातानं डावा हात चोळत होता, ही त्याची सवय झाली होती.

"त्या चाचाचे पैसे," तो सावकाश म्हणाला, "मिळाले का त्यांना परत?"

"मिळाले," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी आत जाऊन चहा ठेवला आणि तो बाहेर रडत होता तेवढा वेळ बाहेर आले नाही.